कॅमेरा सगळ्यात शेवटी: पहिला लघुपट करणाऱ्यांसाठी

लघुपट करायचं ठरलं की कॉलेजच्या कट्ट्यावर पहिली चर्चा कॅमेऱ्याची होते. कुणाच्या मामेभावाकडे डीएसएलआर असतो, कुणी नवा फोन घेतलेला असतो, कुणी भाड्याच्या लेन्सचे दर विचारून आलेलं असतं. गोष्ट मात्र अजून अर्धीच असते आणि आवाजाचं काय करायचं हे कुणाच्या गावीही नसतं.

विद्यार्थ्यांच्या लघुपटांवर मी मुख्यतः आवाजाचं आणि संकलनाचं काम करते. शूटिंग संपल्यावर जे हाती लागलेलं असतं ते माझ्याकडे येतं, त्यामुळे कुठे काय राहून गेलं ते मला लख्ख दिसतं. थोडं हललेलं, थोडं काळपट चित्र प्रेक्षक चालवून घेतो. संवाद कळला नाही की तो दुसऱ्या मिनिटाला खिशातला फोन काढतो. आवाज, अभिनय आणि हाताशी असलेला वेळ या तिन्हींचा निकाल कॅमेरा घरी येण्याआधीच लागलेला असतो. म्हणून या लेखात कॅमेरा उशिरा येणार आहे.

जे हाताशी आहे त्यातूनच गोष्ट

एका कागदावर अशा जागा लिहा, ज्या तुम्हाला सलग दोन दिवस, पैसे न मोजता आणि कुणाशी वाद न घालता मिळतील. भाड्याची खोली, बिल्डिंगची गच्ची, मैत्रिणीच्या काकांचं रविवारी बंद असणारं झेरॉक्सचं दुकान, गावाकडचा गोठा. दुसऱ्या कागदावर कॅमेऱ्यासमोर उभी राहतील अशी माणसं लिहा, त्यांच्या खऱ्या वयासकट. वर्गातल्या मुलाच्या केसांना पावडर लावून त्याला आजोबा करायचा विचार तिथेच सोडून द्या. क्लोजअपमध्ये ते लपत नाही, आणि खरे आजोबा शेजारच्या बिल्डिंगमध्ये असतातच. आता या दोन कागदांमधून गोष्ट शोधा.

विषय लहान आहे म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. दादासाहेब फाळक्यांनी मोठ्या चित्रपटासाठी भांडवल उभं करायच्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. रोज थोडं थोडं चित्रण करून त्यांनी बी रुजण्यापासून वेल वर चढेपर्यंतचा प्रवास पडद्यावर आणला आणि तो पाहून त्यांना पैसे देणारा माणूस तयार झाला. आपल्या माध्यमात दुसऱ्या कुठल्याही कलेला जमणार नाही असं काय आहे, ते त्या एका रोपातून दिसलं. तुमच्या पाच मिनिटांतही तेवढंच दिसावं लागतं.

पुढे उदाहरणं देता यावीत म्हणून एक गोष्ट घेऊ. पुण्यात शिकायला आलेला एक मुलगा. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत. एरवी डबा पोहोचवायला मुलगा येतो, आज मेसच्या काकू स्वतः जिना चढतायत. पावलं ऐकून तो उठतो आणि पंखा बंद करतो, खोलीत कुणी नाही असं वाटावं म्हणून. काकू दार वाजवतात, थांबतात, डबा खाली ठेवतात. मग बंद दाराकडे बघून म्हणतात, “कालचा डबा बाहेर ठेव रे. उद्या कशात देऊ?”

जागा दोन: खोली आणि जिना. माणसं दोन. संवाद एक. लांबी पाच-सहा मिनिटं. पहिल्या प्रयत्नाला याहून मोठं काही उचलू नये असं माझं ठाम मत आहे. वीस मिनिटांचा, आठ पात्रांचा आणि पावसात संपणारा लघुपट दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला करा.

पटकथा: दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच

या गोष्टीचा पहिला खर्डा बहुतेकजण असा लिहितात: मुलगा मित्राला फोन लावतो आणि म्हणतो, “अरे, मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत, घरी पण सांगता येत नाहीये, काय करू कळत नाही.” सगळी माहिती एका वाक्यात देऊन झाली. आता प्रेक्षकाला करण्यासारखं काही उरलंच नाही.

त्याऐवजी भिंतीवर मेसचं कार्ड लावा. आधीच्या महिन्यांच्या चौकटीत सही, शेवटच्या दोन चौकटी कोऱ्या. ‘त्याला अपराधी वाटतं’ हे वाक्य कॅमेऱ्याला टिपता येत नाही. ‘पंख्याचं बटण बंद करतो आणि पाती थांबेपर्यंत वर बघत राहतो’ हे टिपता येतं. पटकथेतल्या प्रत्येक ओळीला विचारा: हे दिसतं का, ऐकू येतं का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर ओळ खोडा.

प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर तीन गोष्टी हव्यात: आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. पुढचं सगळं नियोजन यावर चालतं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हा ठोकताळा इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या टाइपावर बसवलेला आहे. देवनागरीत फॉन्ट आणि अक्षराचा आकार बदलला की तो लगेच चुकतो. तेव्हा फोनवर स्टॉपवॉच लावा आणि अख्खी पटकथा मोठ्याने वाचा, मुक्या जागा प्रत्यक्ष करून बघा. काकू जिना चढतात हे वाचायला दोन सेकंद लागतात, तीन मजले चढायला किती लागतात ते जिन्यावर जाऊन मोजा.

कोण काय करणार

दिग्दर्शकाने स्वतः अभिनय करू नये, निदान पहिल्या लघुपटात. कॅमेऱ्यासाठी एक माणूस. वेळ सांभाळणारा, पुढच्या शॉटची तयारी लावणारा आणि गरज पडली तर दिग्दर्शकालाही ‘आता पुढे चला’ म्हणणारा असिस्टंट डायरेक्टर, म्हणजे एडी. कपडे, वस्तू आणि कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधल्या गोष्टी पुढच्या शॉटमध्ये तशाच राहणं, यांसाठी एक. जेवणखाण, प्रवास, चाव्या, पैसे यांसाठी एक. आणि आवाजासाठी एक माणूस, ज्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नाही. शेवटचं वाक्य जरा जोर देऊनच लिहिलं आहे, कारण माणूस कमी पडला की सगळ्यात आधी आवाजवाल्यालाच पाण्याच्या बाटल्या आणायला पाठवतात. सहा-सात जण पुरे. बघायला आलेले मित्र खोलीत नकोत. ते जागा अडवतात आणि टेक, म्हणजे शॉट घेण्याचा एक प्रयत्न, चालू असताना हसतात.

नाटकातले नट, कॅमेऱ्यासमोर

आपल्याकडे कॉलेजमधले चांगले नट बहुतेक एकांकिकांमधून आलेले असतात. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, गावोगावी तशा स्पर्धा आहेत, आणि त्यातून तयार झालेली मुलंमुली शिस्तीची असतात. त्यांची संहिता पाठ असते, वेळेवर येतात, दहा वेळा तेच करायला कंटाळत नाहीत. ही श्रीमंती फार थोड्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांना मिळते.

अडचण एवढीच की त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची सवय असते. कॅमेरा तीन फुटांवर असतो. शेवटच्या रांगेसाठी उंचावलेली भुवई तिथे आरडाओरडा वाटते. “कमी कर” एवढंच सांगून भागत नाही. नट मग सगळंच कमी करतो आणि चेहरा कोरा होतो. त्याला अंतर द्या. समोर बसलेल्या एकाच माणसाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात बोल, असं सांगा. हाताला काम द्या. वरच्या गोष्टीतल्या मुलाला ‘घाबर’ सांगण्यापेक्षा ‘काकूंना आतली हालचाल ऐकू येणार नाही असं बघ आणि पलंगावरून उठून बटणापर्यंत जा’ असं सांगितलं तर बाकीचं त्याचं शरीर आपोआप करतं.

तालीम खऱ्या जागेतच करा, निदान शेवटची तरी. ती फोनवर चित्रित करून नटासोबत बसून बघा. रंगमंचावरून आलेल्या नटाने स्वतःला क्लोजअपमध्ये पाहिलं की निम्मं काम होतं. शेजारच्या काकूंना किंवा खऱ्या आजोबांना घेत असाल तर त्यांना वाक्यं पाठ करायला लावू नका. प्रसंग सांगा आणि त्यांच्या शब्दांत बोलू द्या. सोलापूरच्या काकूंची मराठी सोलापूरचीच राहू द्या.

रेकी कानाने करा

रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा आधी बघायला, सगळे जातात आणि फोटो काढून परत येतात. फोटोत आवाज नसतो. ज्या वारी, ज्या वेळी शूटिंग करणार त्याच वारी त्याच वेळी जा, दारं-खिडक्या लावा आणि दहा मिनिटं काही न बोलता बसा. जे ऐकू येईल ते लिहून काढा.

सकाळी घंटागाडी गाणं लावून येते. नऊच्या सुमाराला चारी बाजूंनी कुकरच्या शिट्ट्या. शेजारी शाळा असेल तर प्रार्थना, मधली सुट्टी आणि घंटा. खाली वेल्डिंगचं दुकान. पुण्यात गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत नदीकाठी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तो बराच लांबवर ऐकू येतो, आणि तेव्हा त्या भागात संवादांचं शूटिंग ठेवणं म्हणजे दिवस वाया घालवणं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली संवादाचा विचारही करू नका. यातलं काहीच बंद पाडायला जाऊ नका, तुमचं वेळापत्रक फिरवा. दुपारी दोन ते चार ही बहुतेक वस्त्यांमधली सगळ्यात शांत वेळ असते.

त्याच भेटीत बाकीचंही बघून घ्या: खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि ऊन किती वाजता आत येतं, किती प्लग चालतात, मोठा दिवा लावला तर फ्यूज उडेल का, स्वच्छतागृह कुठे आहे, कपडे बदलायला मुलींना दार लागणारी खोली आहे का. शेवटचं जिथे नाही ती जागा कितीही सुंदर असली तरी घेऊ नये.

ब्रेकडाऊन आणि शॉट

ब्रेकडाऊन म्हणजे पटकथेची फोड: पटकथेची प्रत घ्या आणि दृश्यांप्रमाणे लागणाऱ्या वस्तू, कपडे, माणसं वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा. वरच्या गोष्टीत दोन सारखे डबे लागतील, मेसचं कार्ड लागेल, दाराला बाहेरून कुलूप नसल्याचं दिसावं लागेल. शूटिंगच्या सकाळी ‘दुसरा डबा कुठाय’ असा प्रश्न निघाला की तासभर गेलाच.

मग शॉट लिहा. नवख्या युनिटने दिवसाला पंधरा ते वीस शॉट धरावेत, त्याहून जास्त कागदावर छान दिसतात आणि रात्री अकरा वाजता रडवतात. सहा मिनिटांच्या या गोष्टीला पस्तीस-चाळीस शॉट झाले तर दोन पूर्ण दिवस हवेत. त्यातले जे नसले तर गोष्टच कळणार नाही, त्यांच्यापुढे खूण करा आणि ते आधी उरका. गोष्टीच्या क्रमाने शूट करायची गरज नाही: खोलीतलं सगळं एकदम, जिन्यावरचं सगळं एकदम, आणि खिडकीतल्या उन्हावर अवलंबून असलेलं त्या त्या वेळेला.

तांत्रिक नियमांपैकी एकच इथे सविस्तर सांगते, कारण तो चुकला तर संकलनात काही करता येत नाही. काकू दाराबाहेर, मुलगा दाराच्या आत. दोघांना जोडणारी एक रेषा मनात आखा आणि कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला ठेवा. मुलगा पडद्यावर उजवीकडे बघत असेल तर काकू डावीकडे बघतील आणि मध्ये दार आहे हे न दाखवताही कळेल. मुलाचा शॉट सकाळी खोलीत एका बाजूने आणि काकूंचा दुपारी जिन्यावर रेषेच्या पलीकडून घेतला, तर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतील आणि प्रेक्षकाला वाटेल दोघंही तिसऱ्याच कुणाकडे बघतायत. कागदावर खोलीचा नकाशा काढून कॅमेऱ्याच्या जागा मांडल्या की हे टळतं.

परवानग्या

खासगी घर असेल तर मालकाचं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं लेखी होकारपत्र. रस्त्यावर ट्रायपॉड लावून गर्दी जमणार असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी जाऊन अर्ज द्या, सोबत कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र ठेवा. त्या पत्राचा उपयोग सगळीकडे होतो, तेव्हा पाच-सहा प्रती जवळ बाळगा. रेल्वे स्टेशनवर रेल्वेची परवानगी लागते. रायगडासारखे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहेत, तिथे त्यांची रीतसर परवानगी. खोटं पिस्तूल किंवा पोलिसांचा गणवेश सार्वजनिक जागी न सांगता काढू नका. लोक घाबरतात आणि प्रकरण हाताबाहेर जातं. प्रत्येक नटाकडून, लहान मूल असेल तर आईवडिलांकडून, संमतिपत्र पहिल्याच दिवशी घ्या. महोत्सवाला पाठवताना ते मागितलं जाऊ शकतं, आणि तेव्हा नट नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला असतो.

आता कॅमेरा

चांगला फोन चालतो. कुठल्याही कॅमेऱ्याला पहिल्या दिवसाआधी या गोष्टी ठरवून टाका. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घ्यायचा वेळ, १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर चित्रात पट्टे सरकत नाहीत. तरीही ज्या दिव्यात शूट करणार त्यात दहा सेकंदांचं चित्रण करून मोठ्या स्क्रीनवर बघा, स्वस्त एलईडी बल्ब ऐन वेळी दगा देतात. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) लॉक करा, नाहीतर नट खिडकीकडे वळला की अख्ख्या खोलीचा रंग बदलतो. फोनवर डिजिटल झूम वापरू नका, पुढे सरका. फोन विमान मोडवर टाका. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप यातलं सगळं हातात देतं.

फोनच्या नेहमीच्या ॲपमध्ये आणखी एक खोड असते: ते फ्रेम रेट मधूनमधून बदलतं, आणि मग संकलनात ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडत जातात. ॲप बदलणं शक्य नसेल तर संकलनाआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून सगळ्या फाइल एकाच स्थिर फ्रेम रेटवर आणून घ्या.

दिव्यांवर फार खर्च करू नका. खिडकीचा उजेड एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोलचा ताव, एवढ्यावर खोलीतले बहुतेक शॉट होतात. मोठ्या सेटवरही उजेड उलटवायला थर्माकोलच वापरतात. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकाच चेहऱ्यावर मिसळू नका, दोनपैकी एक बंद करा.

आवाज

खरा पैसा इथे घाला. लेन्सचं भाडं वाचवा आणि दोन दिवस बूम माइक (लांब काठीवर बसवलेला माइक) आणि रेकॉर्डर भाड्याने आणा. तेवढंही जमत नसेल तर दुसऱ्या फोनला साधा वायरचा कॉलर माइक जोडा, रेकॉर्डिंग चालू करून फोन नटाच्या खिशात ठेवा. कॅमेऱ्यावर बसवलेल्या माइकपेक्षा ते कितीतरी बरं येतं, कारण माइक तोंडाजवळ आहे. आवाजात अंतरच सगळं ठरवतं. बूम फ्रेमच्या अगदी काठाबाहेर, वरून, तोंडाच्या दिशेने, शक्यतो दोन फुटांच्या आत. टेक सुरू होण्याआधी बूमवाल्याने माइक फ्रेममध्ये खाली आणावा आणि कॅमेरावाल्याने ‘वर, वर, बस’ सांगावं, म्हणजे नेमकी हद्द कळते.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. नटाचं सगळ्यात मोठ्या आवाजातलं वाक्य रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल इतकी पातळी ठेवा. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही, हळू आलेला वाढवता येतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही चालू ठेवा, चित्राशी जुळवायला तो लागतो.

पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये सगळे घामाघूम होतात, तरीही पंखा बंद, आणि दोन टेकच्या मध्ये लावा. आमच्या उदाहरणात तर पंखा हे पात्रच आहे, मग तो चालू ठेवायचा का? शूटिंगला नाही. पाती फिरताना दाखवायचा शॉट वेगळा घ्या, त्याचा आवाज माइक जवळ नेऊन वेगळा रेकॉर्ड करा: चालू असताना एक मिनिट आणि मग बटण बंद करून पूर्ण थांबेपर्यंत. संकलनात तो सलग पसरता येतो. खोलीत पंखा खराच चालू असेल तर प्रत्येक कटला त्याचा आवाज वेगळ्या जागी तुटतो, आणि ज्या क्षणी शांतता पसरायला हवी त्या क्षणी ती पसरत नाही.

फ्रिज बंद करा आणि घरमालकाच्या गाडीची किंवा तुमच्या गाडीची किल्ली त्यातच ठेवा. निघताना किल्ली शोधाल तेव्हा फ्रिज चालू करायची आठवण होईल. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि तिच्यामुळे अनेक घरांतलं दूध वाचलं आहे.

काकूंच्या हातात काचेच्या बांगड्या असतील तर त्या संवादावर वाजतील. एकतर हाताला चिकटपट्टीने हळूच बांधा, किंवा त्या वाक्याला हात स्थिर ठेवा आणि बांगड्यांचा आवाज नंतर स्वतंत्र घ्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि नायलॉनचा शर्ट कॉलर माइकवर घासतात. कपडे ठरवणाऱ्याने आवाजवाल्याला आधी विचारावं.

प्रत्येक जागा सोडताना सगळ्यांना स्तब्ध उभं करून त्या खोलीची शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला तीच लागते. महत्त्वाचं वाक्य गाडीच्या हॉर्नखाली गेलं असेल तर नट त्याच मनःस्थितीत असतानाच, कॅमेरा न लावता, ते दोन-तीनदा बोलून घ्या. दोन आठवड्यांनी स्टुडिओत केलेलं डबिंग नवख्या नटाकडून लाकडी होतं. डब्याच्या कड्या उघडल्याचा आवाज, डबा फरशीवर टेकल्याचा आवाज, जिन्यावरची पावलं हेही जागेवरच, माइक जवळ नेऊन घ्या. या गोष्टीत काकू दिसण्याआधी ऐकू येतात, म्हणजे पावलं जितकी नीट येतील तितकीच ती गोष्ट चालेल.

सेटवर

नारळ फोडा, कॅमेऱ्याला हळदकुंकू लावा, सगळ्यांनी एकदा एकत्र उभं राहा. दहा मिनिटं जातात आणि दिवस चांगला सुरू होतो. नाश्ता शूटिंगच्या आधी. पोहे आणि चहा वेळेवर आला, जेवण दीडला झालं तर मुलं संध्याकाळपर्यंत हसत काम करतात. पैसे कमी असतील तर दिवे कमी करा, जेवण नाही.

टेकचा क्रम प्रत्येक वेळी तोच ठेवा. एडी म्हणतो ‘शांतता’. ‘रोल साउंड’, साउंडवाला ‘रोलिंग’. ‘रोल कॅमेरा’, कॅमेरावाला ‘रोलिंग’. मग दृश्य, शॉट, टेक बोलून क्लॅप, आणि दिग्दर्शक तीन सेकंद थांबून ‘ॲक्शन’. ‘कट’ म्हणण्याआधीही पाच सेकंद थांबा. नट प्रसंग संपला असं समजून सैल होतो ना, त्या क्षणी चेहऱ्यावर जे येतं ते पुष्कळदा संकलनात उपयोगी पडतं. क्लॅपची पाटी नसेल तर फ्रेममध्ये हाताची टाळी चालते.

कंटिन्युटी बघणाऱ्याने प्रत्येक शॉटच्या शेवटी फोटो काढावा: डबा कुठल्या हातात होता, पदर कुठल्या खांद्यावर, घड्याळात किती वाजले, ग्लासात पाणी किती. सोबत वहीत कुठला टेक चांगला आणि का, हे एका ओळीत. संकलनाच्या टेबलावर ती वही सोन्यासारखी असते.

१०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) चित्रण केलं तर मिनिटाला सुमारे ७५० एमबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर सव्वा तासापेक्षा थोडं जास्त. फुल एचडी पुरे आहे, फोर केच्या हट्टापायी कार्ड संपवू नका. दुपारी आणि रात्री सगळं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा, दोन्हींवर फाइल उघडून बघा आणि मगच कार्ड पुसा. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवू नका.

संकलन

दाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पहिल्या लघुपटाला पुरून उरते. आधी सगळं चित्रण बघा, सगळंच. मग गोष्टीच्या क्रमाने सलग लावा. ही जोडणी लांब, रटाळ आणि निराश करणारी असते, प्रत्येकाचीच. ती बघून लघुपट फसला असं ठरवू नका.

आता प्रत्येक दृश्याची सुरुवात आणि शेवट कापत जा. मुलगा पलंगावर येऊन बसतो, फोन काढतो, बघतो, ठेवतो, हे सगळं नको. तो बसलेलाच असू दे. पावलांचा आवाज मुलाच्या चेहऱ्यावर आधी येऊ द्या, जिना नंतर दाखवा. किंवा दाखवूच नका. घ्यायला तीन तास लागलेला शॉट गोष्टीला लागत नसेल तर तो काढावाच लागतो, आणि हे दिग्दर्शकाला सांगायला संकलक वेगळा माणूस असलेला बरा.

कच्चा कट अशा दोन-तीन माणसांना दाखवा ज्यांना गोष्ट ठाऊक नाही. ‘आवडलं का’ विचारू नका. ‘काय झालं ते सांगा’ म्हणा. पंखा का बंद केला हे तिघांपैकी दोघांना कळलं नाही तर दुरुस्ती तिथे हवी. चित्र पूर्ण ठरलं की ते गोठवा आणि मगच आवाजाच्या मिश्रणाला बसा. मिश्रण इअरफोनवर, लॅपटॉपवर आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐका. संवाद तिन्हीकडे कळायला हवा.

संगीत आणि हक्क

चित्रपटगीत वापरायचा मोह आवरा. यूट्यूबवर लगेच दावा लागतो आणि महोत्सवाच्या अर्जात हक्क तुमचे आहेत असं लिहून द्यावं लागतं. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचनेवर रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ध्वनिमुद्रणावर ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण एखाद्या गायकाने अलीकडे गायलेल्या अभंगाची ध्वनिफीत आणि तिची नवी चाल तुमची नाही. तोच अभंग वर्गातल्या मैत्रिणीकडून पारंपरिक चालीत गाऊन घेतला तर प्रश्न मिटतो. दुसऱ्याची कथा घेतली असेल तर तिचंही तसंच: लेखक किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या, ईमेल चालतो. आणि संगीत मुळात लागतंच का, हे एकदा संगीताशिवाय लघुपट बघून ठरवा.

नावं, सबटायटल आणि पडदा

देवनागरी श्रेयनामावली हे वेगळंच काम आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलतीकडे बसते. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचं टेक्स्ट इंजिन निवडायची सोय असते, ती बघा. तरीही जमलं नाही तर नावं दुसरीकडे टाइप करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून आणा. नावांची यादी प्रत्येकाला पाठवून शुद्धलेखन तपासून घ्या. घर देणारे, जेवण करणारे, पंखा बंद ठेवून खाली शांत बसलेले शेजारी, सगळे त्यात हवेत.

इंग्रजी सबटायटल लागतातच. एका वेळी दोन ओळींच्या वर नको, आणि शब्दाला शब्द न लावता वाक्याचा भाव आणा. सबटायटलची एसआरटी फाइल, म्हणजे वाक्यं आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर फाइल, वेगळी ठेवा.

महोत्सवांना पाठवायचं असेल तर आधी यूट्यूबवर टाकू नका, काही महोत्सव आधी प्रसिद्ध झालेला लघुपट घेत नाहीत. पासवर्ड असलेली लिंक ठेवा. पुण्याच्या पिफमध्ये (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) विद्यार्थ्यांच्या लघुपटांसाठी विभाग असतो, मुंबईचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठीच भरतो, केरळचा आयडीएसएफएफके हा माहितीपट आणि लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आहे. प्रवेशशुल्क आणि विद्यार्थी असल्याच्या दाखल्याची अट प्रत्येकाची नीट वाचा. फिल्मफ्रीवे या महोत्सवांना अर्ज करायच्या संकेतस्थळावर शेकडो नावं दिसतात. ज्यांचं प्रत्यक्ष प्रदर्शन कुठल्या थिएटरात होतं हे सापडत नाही आणि जे दर महिन्याला बक्षिसं वाटतात, तिथे पैसे घालू नका.

महोत्सवांची वाट बघत बसण्यापेक्षा पहिला खेळ स्वतः लावा, कॉलेजच्या सभागृहात किंवा गावातल्या वाचनालयात. तासभर आधी जाऊन तिथल्या स्पीकरवर लघुपट पूर्ण लावून बघा आणि मागच्या रांगेत बसून काकूंचं ते वाक्य ऐकू येतंय का ते तपासा. पंखे जोरात असतील तर आवाज दोन घरं वाढवा. खेळ संपल्यावर अंतिम फाइल, सबटायटल, पोस्टर, संमतिपत्रं आणि पटकथा एका फोल्डरमध्ये घालून युनिटमधल्या प्रत्येकाला प्रत द्या. पुढचे अर्ज कोण भरणार तेही त्याच संध्याकाळी ठरवा.